सागाची जहाजे आणि रुप्याचा खिळा

जमशेटजी म्हटले की मराठी वाचकाला दोघेच आठवतात. एक टाटा आणि दुसरे जीजीभॉय. एकाचा पोलादाचा कारखाना, दुसऱ्याचे इस्पितळ. या दोघांच्याही आधी मुंबईत आणखी एक जमशेटजी होऊन गेले. त्या काळात त्यांचे नाव लंडनच्या आरमार खात्यात जेवढे ठाऊक होते तेवढे दुसऱ्या कुठल्याही हिंदी माणसाचे क्वचितच असेल. ते ना कारखानदार होते, ना दानशूर शेठ. ते सुतार होते, आणि अखेरपर्यंत पगारी नोकर होते. जमशेटजी बमनजी वाडिया त्यांचे नाव.

वाडिया हे आडनाव पुणेकरांना परके नाही. स्टेशनच्या परिसरातल्या नौरोसजी वाडिया कॉलेजात शिकलेला एखादा तरी माणूस प्रत्येक घरात सापडतो. ते कॉलेज १९३२ साली निघाले. ज्यांचे नाव त्याला दिले ते नौरोसजी कापडाच्या धंद्यातले. १८७९ साली सुरू झालेली बॉम्बे डाइंग ही त्यांचीच. परंतु गुजरातीत वाडिया म्हणजे जहाजे बांधणारा. कापूस, गिरण्या, कॉलेजे, इस्पितळे हे सगळे या घराण्यात नंतर आले. आधी होते ते लाकूड.

पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला माणसाची मिळकत आणि मागे ठेवलेली शिल्लक पाहण्याची खोड लागते. या घराण्यातही माझे लक्ष प्रथम तिकडेच गेले. म्हणून आधी जमशेटजींचे आजोबा लवजी नसरवानजी यांच्याविषयी थोडे सांगतो. त्यांच्यावाचून नातू कळत नाही.

लवजी सुरतेचे, जन्म १७०२ सालचा. १७३५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे 'क्वीन' नावाचे जहाज सुरतेत बांधायला घातले होते. त्या कामावर लवजी मुकादम होते. कंपनीच्या वतीने डडली नावाचा इंग्रज ते जहाज पाहायला यायचा. माणसाची पारख असलेला तो गृहस्थ असावा. त्याने लवजींना मुंबईला चलण्याची गळ घातली. १७३६ साली लवजी दहा सुतार बरोबर घेऊन मुंबईत उतरले. तेव्हाची मुंबई म्हणजे चिखल, खारे पाणी आणि ताप. सुरत हे भरभराटीचे बंदर. ते सोडून मुंबईला जाणे म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर चांगल्या शहरातली शाखा सोडून आडगावी बदली मागून घेण्यासारखे होते. शिवाय मुंबईजवळ जहाजाला पुरेल असे लाकूडही नव्हते. कंपनीने लवजींना लाकडाच्या सोयीसाठी उत्तरेकडे, गुजरातच्या जंगलांकडे पाठवले. परत येताना ते कुटुंबालाही घेऊन आले. म्हणजे मुंबईत राहायचे हे तेव्हाच ठरले होते.

याच माणसाच्या देखरेखीखाली १७५० साली मुंबईत पहिली सुकी गोदी झाली. आशियात तोवर तशी गोदी नव्हती. १७६२ साली दुसरी झाली आणि १७६५ साली तिसरी. फोर्टातल्या नौदल गोदीत या जुन्या गोद्या आजही आहेत आणि वापरात आहेत. सुक्या गोदीची युक्ती समजायला सोपी आहे. किनाऱ्याला दगडी बांधकामाचा एक लांबट खड्डा करायचा आणि समुद्राच्या बाजूला दरवाजे बसवायचे. भरतीच्या वेळी जहाज पाण्याबरोबर आत घ्यायचे. ओहोटीला पाणी उतरू द्यायचे, दरवाजे लावायचे आणि उरलेले पाणी उपसून टाकायचे. जहाज टेकूंवर कोरडे उभे राहते आणि त्याच्या तळाखाली माणसे उभ्याने काम करू शकतात. मुंबईला भरती-ओहोटीतला फरक मोठा, त्यामुळे निम्मे काम समुद्रच करून देतो. एरवी जहाज दुरुस्त करायचे म्हणजे ते वाळूत एका कुशीवर कलते करायचे आणि भरती येण्यापूर्वी हात आवरायचे. पावसाळ्यात तेही शक्य नसे. पश्चिम किनाऱ्यावर मोठी आरमारे बाळगणाऱ्याला अशी गोदी किती मोलाची, हे सांगायला नको.

येथे पुण्याचा संबंध येतो, आणि तो सुखाचा नाही.

आपल्याकडे जहाजे बांधली जात नव्हती असे मुळीच नाही. शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडीला आरमाराची बांधणी सुरू केली. कान्होजी आंग्र्यांच्या काळात कुलाबा आणि विजयदुर्ग येथे गुराबा आणि गलबते तयार होत होती. विजयदुर्गजवळ वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांची गोदी होती, तिच्या खुणा आजही दाखवतात. लवजी मुंबईत आले तेव्हा कान्होजींना जाऊन सात वर्षे झाली होती, पण त्यांच्या मुलांचा दरारा होता आणि इंग्रजांची जहाजे कोकण किनाऱ्याने एकेकटी जायला धजत नसत. मुंबईला मजबूत जहाजे हवी होती ती मुख्यतः याच भीतीपोटी. म्हणजे लवजींना मुंबईत बोलावून आणण्यात आंग्र्यांचाही अप्रत्यक्ष हात होता म्हणा ना.

पुढे १७५६ साली नानासाहेब पेशव्यांचे आणि तुळाजी आंग्र्यांचे फाटले. पेशव्यांच्या फौजेने जमिनीकडून विजयदुर्ग घेरला आणि इंग्रजांचा ॲडमिरल वॉटसन समुद्राकडून आला. बरोबर क्लाइव्ह होता. फेब्रुवारीच्या एका दुपारी सुरू झालेल्या भडिमारात तुळाजीचे सगळे आरमार बंदरात एकाला एक बांधलेले असतानाच जळाले. बांधणीवर असलेले जहाजही त्यातच गेले. आपल्याच एका सरदाराला नमवण्यासाठी पुण्याने मराठी आरमारातला सर्वांत बळकट भाग परक्याच्या हातून जाळून घेतला. इतिहासाचे अभ्यासक तुळाजीच्या उद्दामपणाचे दाखले देतात, ते खरेही असतील. मला मात्र तो निर्णय तोट्याचा वाटतो. पुढे पेशव्यांचे आरमार धुळपांनी विजयदुर्गावरूनच सांभाळले. आनंदराव धुळपांनी १७८३ साली 'रेंजर' हे इंग्रजी जहाज पकडूनही आणले. पराक्रम होताच. परंतु मुंबईत एकामागून एक तीन गोद्या उभ्या राहिल्या होत्या, आणि तसे काम आपल्याकडे पुन्हा कोणी मनावर घेतले नाही.

आता नातवाकडे येऊ.

जमशेटजींचा जन्म १७५४ च्या सुमाराचा. लवजींचे मुलगे माणेकजी आणि बमनजी गोदीत होतेच. १७७१ मध्ये लवजींनी माणेकजींचा मुलगा फ्रामजी आणि बमनजींचा मुलगा जमशेटजी या दोन नातवांना गोदीत आणले. साहेबाजवळ शब्द टाकून दोघांना मुकादम करणे अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. दोघांनाही साध्या सुतारांच्या रांगेत महिना १२ रुपयांवर उभे केले. रंधा, वाकस, पटाशी, करवत. लाकूड ओळखायला शिका, मग माणसे ओळखायला शिकाल, असा काहीसा त्या म्हाताऱ्याचा हिशेब असावा. तीन वर्षांनी, १७७४ मध्ये लवजी वारले. अडतीस वर्षे कंपनीची चाकरी केलेल्या, तीन गोद्या उभारणाऱ्या या माणसाच्या मागे एक घर आणि काही हजार रुपये एवढेच निघाले. लाखो रुपयांचे लाकूड, तांबे आणि लोखंड ज्याच्या हातून गेले त्याची ही शिल्लक. माझ्या नोकरीत स्टोअरकीपरांच्या मिळकती मी पाहिल्या आहेत, म्हणून या आकड्यापाशी जरा थांबलो.

बमनजी १७९० साली गेले, माणेकजी १७९२ साली. गोदीची सूत्रे फ्रामजी आणि जमशेटजी या चुलत भावांकडे आली. १८०४ मध्ये फ्रामजीही वारले. पण त्याआधीच बांधणीतला मुख्य हात जमशेटजींचा हे सर्वांना कळून चुकले होते. याला कारण एक जहाज.

१८०० च्या सुमारास कंपनीसाठी जमशेटजींनी 'कॉर्नवॉलिस' नावाची फ्रिगेट बांधली. कंपनीच्या संचालकांना ती फार पसंत पडली. तिची कीर्ती इंग्लंडच्या आरमार खात्यापर्यंत गेली. ती वेळही तशीच होती. फ्रान्सशी युद्ध चालू होते. मोठ्या युद्धनौकेला दोन हजारांच्या आसपास वाढलेली ओकची झाडे लागत, आणि इंग्लंडची ओकची राने उजाड होत चालली होती. मलबारच्या जंगलात मात्र साग उभा होता. तेव्हा राजाच्या आरमाराची जहाजे मुंबईत बांधून घ्यावीत, असे लंडनमध्ये ठरले. त्याबरोबर आणखी एक विचार निघाला. एवढ्या जोखमीच्या कामावर एखादा इंग्रज बांधणीकार पाठवावा. राजाची युद्धनौका, आणि ती हिंदी सुताराच्या भरवशावर? पण जमशेटजींच्या कामाचे अहवाल तिकडे पोचले आणि तो बेत रद्द झाला. मुख्य बांधणीकार म्हणून तेच राहतील, असा हुकूम आला.

हा हुकूम मला जमशेटजींच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग वाटतो. तोफांच्या सलाम्या आणि चांदीच्या भेटी नंतर पुष्कळ आल्या. पण हेड ऑफिसने वरून माणूस न पाठवता जागेवरच्या माणसालाच कायम करणे याची किंमत नोकरी केलेल्यालाच कळते. आणि येथे हेड ऑफिस सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे होते, वर रंगाचा प्रश्न होता.

या रंगाच्या प्रश्नाची एक गोष्ट घराण्यात सांगत आली आहे. 'कॉर्नवॉलिस'च्या तळाशी, कण्याच्या वरच्या तुळईवर, जमशेटजींनी बांधणीच्या वेळी काही अक्षरे कोरून ठेवली होती. काही वर्षांनी जहाज दुरुस्तीला गोदीत आले, तेव्हा ती त्यांनी स्वतःच दाखवली. हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले, असा त्या लेखाचा अर्थ होता. साल घातले होते आणि काळ्या माणसाच्या आधी इंग्रज ज्या शिवीने त्याला हाक मारत ती शिवीही जशीच्या तशी कोरली होती. जहाज पाण्यावर आहे तोवर ती जागा कुणाच्या दृष्टीस पडणार नाही हे त्यांना ठाऊक होते. जहाज टिकले तरच अक्षरे वाचली जाणार होती. इतकी वर्षे मनात ठेवलेला राग, आणि तो स्वतःच्या कामाच्या पोटात सांभाळून ठेवलेला. अशी कल्पना सुचली म्हणून मी कादंबरीत घातली असती तर वाचकांनी ओढूनताणून आणल्याचा शेरा मारला असता.

ती फ्रिगेट पुढे राजाच्या आरमाराने विकत घेतली, आणि १८११ साली तिचे नाव बदलून 'अकबर' ठेवले, कारण 'कॉर्नवॉलिस' हे नाव नव्या, मोठ्या जहाजासाठी हवे होते. ते मोठे जहाजही जमशेटजीच बांधणार होते.

राजाच्या आरमारासाठी बांधलेल्या पहिल्या जहाजांत 'साल्सेट' नावाची ३६ तोफांची फ्रिगेट होती, १८०५ सालची. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. चिमाजीआप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतलेली आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतलेली. लॉर्ड बायरन हा कवी १८१० साली तुर्कस्तानात कॉन्स्टॅन्टिनोपलला गेला तो याच जहाजातून. वाटेत ते नांगर टाकून उभे असताना त्याने डार्डनेल्सची सामुद्रधुनी पोहून पार केली. साष्टीचे नाव इतक्या लांब गेले ते असे.

मग आले 'मिंडेन'. १९ जून १८१० रोजी ते पाण्यात उतरले. ७४ तोफांची, दोन मजली, ओळीत उभी राहून लढणारी युद्धनौका. ब्रिटनच्या बाहेर ब्रिटिश आरमारासाठी बांधलेली या दर्जाची ही पहिली नौका. एवढ्या मोठ्या जहाजांसाठी गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या नावाची नवी गोदीही याच सुमारास पुरी झाली होती. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्राने त्या वेळी आवर्जून लिहिले की हे काम सर्वस्वी हिंदी माणसांनी केलेले आहे. अमेरिकेचे राष्ट्रगीत 'मिंडेन'च्या डेकवर लिहिले गेले अशी एक गोष्ट आपल्याकडे पुष्कळ लेखांत येते. ती ऐकायला गोड आहे, पण खरी नाही. ते गीत रचणारा फ्रान्सिस स्कॉट की त्या रात्री तहाचे निशाण लावलेल्या एका अमेरिकन गलबतावर होता. जमशेटजींच्या कर्तृत्वाला अशा उसन्या दागिन्याची गरज नाही.

असे जहाज बांधतात कसे, हे थोडे सांगायला हवे. बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी कोकणात होतो. तेथे खाडीकाठच्या सुतारांना होडी बांधताना तासन्तास पाहिले आहे. कर्जाच्या अर्जासोबत नकाशा हवा, असा आमचा नियम होता. पण सुताराजवळ कागद नसायचा. होडी त्याच्या डोक्यात असायची. मग आमचाच एक कारकून पट्टी घेऊन चित्र काढायचा आणि ते अर्जाला जोडले जायचे. जमशेटजींच्या कामात या दोन्ही रीतींची गाठ पडली होती. नकाशे लंडनहून यायचे. इंचाइंचाचे, आरमार खात्याच्या शिक्क्याचे. आणि ते ज्यांच्या हातात जायचे ते सुतार सुरतेच्या परंपरेतले होते.

आधी तळाचा लांब कणा बसवायचा. त्या वेळी पारशी प्रार्थना होऊन कण्याच्या सांध्यात रुप्याचा एक खिळा ठोकला जाई. हा वाडियांचा घराण्याचा विधी. इंग्रज अधिकारीही त्याला अदबीने हजर राहत. कण्यावर दोन्ही बाजूंनी बरगड्या उभ्या राहत. त्यांच्यासाठी जंगलातून मुद्दाम वाकडी वाढलेली लाकडे निवडून आणावी लागत, कारण कापून दिलेल्या वळणापेक्षा झाडाने स्वतः घेतलेले वळण बळकट असते. बरगड्यांवर फळ्या. सुरतेच्या पद्धतीत फळीला फळी नुसती टेकवत नसत. एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ, मध्ये कापूस आणि राळ घालून दोन्ही अशा घट्ट बसवत की सांधा सापडू नये. शेवटी तळाला तांब्याचा पत्रा, म्हणजे समुद्रातले किडे लाकूड पोखरणार नाहीत.

सागाचा मोठा गुण म्हणजे त्याच्या अंगात तेल असते. लोखंडी खिळे त्यात गंजत नाहीत. ओकच्या लाकडातला आंबटपणा लोखंड खातो आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही नासवतो. त्यामुळे ओकची जहाजे थोड्याच वर्षांत दुरुस्तीला यायची. मुंबईची जहाजे पन्नास पन्नास वर्षे टिकायची.

बहुधा म्हणूनच त्यांच्यावर लंडनमध्ये दात धरला गेला. मुंबई आणि कलकत्त्याची सागवानी जहाजे माल घेऊन थेम्स नदीत दिसू लागली, तेव्हा तिथल्या जहाज बांधणाऱ्यांनी आरडाओरड केली. आमची मुले उपाशी मरतील, आमचे कारागीर देशोधडीला लागतील, असे अर्ज गेले. पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षी झाल्या. १८१४ च्या कायद्याने हिंदी खलाशांना ब्रिटिश खलाशी धरायचे नाही आणि जहाजावर तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिशच हवेत असे बंधन आले. हिंदुस्थानात बांधलेल्या आणि हिंदी माणसांनी चालवलेल्या जहाजांना लंडनचा व्यापार अवघड करून टाकायचा, एवढाच त्याचा अर्थ. युद्धनौका मात्र हव्या होत्या. म्हणजे मुंबईच्या सुताराने राजासाठी लढाऊ जहाज बांधावे, पण मुंबईच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या जहाजातून स्वतःचा माल स्वतःच्या माणसांकरवी लंडनला नेऊ नये.

१२ मे १८१३ रोजी नवे 'कॉर्नवॉलिस' पाण्यात उतरले, हेही ७४ तोफांचे. पुढची दोन जहाजे बांधायला नकाशे हवे होते. ते घेऊन निघालेली 'जावा' ही ब्रिटिश फ्रिगेट १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'च्या तावडीत सापडली आणि नकाशांसकट नष्ट झाली. एकासाठी जमशेटजींनी हाताशी असलेले 'कॉर्नवॉलिस'चेच नकाशे वापरले आणि १८१५ साली 'वेलस्ली' तयार केले. दुसऱ्यासाठी नवे नकाशे येईपर्यंत थांबावे लागले.

'वेलस्ली' हे नाव आपल्या ओळखीचे आहे. १८०३ साली असईच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेला हरवणारा तोच हा वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८३९ साली कराची इंग्रजांनी घेतली ती या जहाजाच्या तोफांच्या जोरावर. आणि १८४२ च्या २९ ऑगस्टला नानकिंगचा तह झाला तो 'कॉर्नवॉलिस'च्या डेकवर. त्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. चीनला अफू घ्यायला लावणाऱ्या युद्धाचा तो शेवट. ज्या अफूसाठी हे झाले तिच्यातली पुष्कळशी माळव्यातून मुंबईमार्गे जायची. मुंबईचे मोठमोठे शेठ त्यात होते. जहाज कोणी चालवायचे आणि कुठे, हे बांधणाऱ्याच्या हाती नसते. तरी या गोदीचे कौतुक करता करता मी इथे येऊन अडखळतो. ही जहाजे उत्तम होती, आणि ती आपल्या कामाची नव्हती. दोन्ही एकदम खरे आहे आणि त्यातले एक धरून दुसरे सोडता येत नाही.

'वेलस्ली'चा शेवट चमत्कारिक आहे. शंभर वर्षे उलटल्यावर ते थेम्समध्ये मुलांचे प्रशिक्षण जहाज म्हणून उभे होते. १९४० च्या सप्टेंबरात जर्मन विमानांच्या बाँबने ते बुडाले. शिडाच्या जमान्यातली युद्धनौका विमानाने बुडवल्याचे हे एकच उदाहरण. १८१५ साली मुंबईत ठोकलेल्या फळ्या हिटलरच्या विमानांपर्यंत टिकल्या.

नकाशे यायची वाट पाहावी लागलेले दुसरे जहाज म्हणजे 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट. १८१६ च्या एप्रिलमध्ये तिचा कणा बसवला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. ही तारीख वाचली आणि मी कॅलेंडर काढून दिवस मोजले. बरोबर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. बाजीराव पेशवे पुण्याबाहेर पडण्याची तयारी करत होते त्याच आठवड्यांत मुंबईच्या बंदरात या नव्या फ्रिगेटवर डोलकाठ्या चढत असणार. पेशव्यांच्या बातमीदारांनी मुंबईहून काय काय कळवले असेल कोण जाणे. एक जहाज पाण्यात उतरले ही बातमी पुण्यात कोणाला महत्त्वाची वाटली नसणार.

तेव्हा नेपोलियनचे युद्ध संपले होते. त्यामुळे 'त्रिंकोमाली' इंग्लंडला पोचली ती थेट राखीव जहाजांत. १८४५ पर्यंत ती नुसती नांगरून होती. कदाचित त्यामुळेच ती वाचली. पुढे तिने प्रवास केले, नंतर प्रशिक्षण जहाज झाली, १८९७ पासून नाव बदलून 'फुद्रुआँ' म्हणून राहिली. १९८७ साली तिला इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात आणून तिची दुरुस्ती सुरू झाली. ते काम दहा वर्षांहून अधिक चालले, आणि मूळ नावही परत मिळाले. पाण्यावर तरंगत असलेली ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका ती हीच. नेल्सनचे 'व्हिक्टरी' वयाने मोठे, पण ते कोरड्या गोदीत आहे. पोरेबाळे तिकीट काढून 'त्रिंकोमाली'च्या डेकवर हिंडतात.

जमशेटजींचे एक तैलचित्र लंडनजवळ ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. अंगावर पांढरा पोशाख आणि शाल, डोक्याला पारशी पगडी. हातात कंपास आणि 'मिंडेन'चा नकाशा, मागे शिडे उभारलेले जहाज. कंबरेला खोचलेली चांदीची पट्टी १८०४ साली ईस्ट इंडिया कंपनीने दिलेली. राजवाड्यातल्या सरदाराने कट्यार खोचावी तशी त्यांनी मोजपट्टी खोचली आहे. आपल्याकडच्या त्या काळातल्या चित्रांत कारागीर दिसला तर कोपऱ्यात, पाठमोरा दिसतो. हत्यारासकट, समोर पाहणारा कारागीर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मात्र ही गोदी त्यांची नव्हती. जमीन कंपनीची, लाकूड कंपनीचे, जहाज राजाचे. या घराण्याने पाच-सहा पिढ्यांत साडेतीनशेच्या वर जहाजे बांधली असे मानतात, पण सगळी मुख्यतः नोकर म्हणून. स्वतःच्या मालकीचा कारखाना त्यांनी का काढला नाही, असा प्रश्न मला पडतो. भांडवल नव्हते म्हणावे तर पुढे कापडासाठी ते निघालेच. कायदा आडवा आला हे एक, आणि मागणी करणारे गिऱ्हाईक एकच होते हे दुसरे. ज्या धंद्याला एकच गिऱ्हाईक आहे त्याला आम्ही कर्ज देताना हात आखडता घ्यायचो. गिऱ्हाईकाने मन बदलले की धंदा संपतो. येथे तेच झाले. वाफेची जहाजे आली, मग लोखंडाची. घराण्यातल्या अर्देशीर करसेटजींनी वाफेचे तंत्र इतके आत्मसात केले की १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळणारे ते पहिले हिंदी. पण लाकडाच्या मोठ्या युद्धनौकांची मागणी आटत गेली. १८४८ चे 'मियानी' हे मुंबईचे त्या दर्जाचे अखेरचे जहाज, आणि १८८० च्या दशकात मुख्य बांधणीकार ही जागाच घराण्याकडून गेली.

जमशेटजींना यातले काही पाहावे लागले नाही. अखेरच्या वर्षांत त्यांच्या हाती 'गँजेस' होते, ८४ तोफांचे, त्यांनी तोवर बांधलेल्या कुठल्याही जहाजापेक्षा मोठे. त्याचा सांगाडा उभा राहिला, फळ्या चढल्या. ३१ ऑगस्ट १८२१ रोजी, भर पावसाळ्यात, ते वारले. वय सदुसष्टच्या आसपास. पन्नास वर्षे त्यांनी त्या एकाच आवारात काढली होती. १२ रुपयांवर सुरुवात केली तेही तेच आवार. त्यांची जागा मुलगा नौरोजी याला मिळाली. उरलेले काम त्याने पुरे केले, आणि पाऊस सरल्यावर, १० नोव्हेंबरला, गोदीत पाणी घेऊन 'गँजेस' बाहेर काढले.